भाचीने हिरडीत कागद घातला आणि झोप उडाली

कोथरूडहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. थोडं आखडून देते.

"डॉक्टर, माझं वय ४७. शाळेत गणित शिकवते. माझी भाची दातांच्या कॉलेजात एमडीएस करते आहे. तिच्या प्रबंधासाठी माणसं हवी होती म्हणून मी गेले. तिने हिरडी आणि दात यांच्यामध्ये कागदाच्या बारीक पट्ट्या घातल्या, अर्धा मिनिट ठेवल्या आणि छोट्या नळीत टाकल्या. दोन-तीन महिन्यांनी घरी जेवायला आली तेव्हा सहज म्हणाली, 'मावशी, तुझे मार्कर्स हाय आलेत गं. इंटरल्यूकिन-वन बीटा, एमएमपी-एट, दोन्ही.' मागच्या दोन दाढांशी पाच मिलिमीटरचा पॉकेट आहे, असंही म्हणाली. त्या रात्री मोबाईलवर वाचत बसले. हार्ट अटॅक, डायबेटिस, काय काय. झोपच उडाली. दात घासताना मला अधूनमधून रक्त येतं, पेरू खाल्ला तर फोडीवर दिसतं. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.३ आहे. आईचे सगळे दात पन्नाशीत गेले, कवळी लागली. ती मिश्री लावायची. माझे यजमान रोज चार-पाच सिगारेटी ओढतात, पण त्यांच्या हिरडीतून कधी थेंबभर रक्त येत नाही. सासूबाई ७८ वर्षांच्या. जन्मात दातांच्या डॉक्टरची पायरी चढल्या नाहीत आणि अजून चकली खातात. त्या म्हणतात, दात साफ करून घेऊ नकोस, हलायला लागतात. मी ही टेस्ट चांगल्या लॅबमधून परत करून घेऊ का? मार्कर्स खाली आणायला गोळी मिळते का? आणि ऐकू कुणाचं?"

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, कारण तुमच्या एका कुटुंबाच्या तोंडात माझ्या विषयाचं अख्खं पाठ्यपुस्तक बसलंय. दुसऱ्यांदा वाचताना ते मावळलं. हिरडीतून रक्त येतंय, साखर काठावर आहे, आईचा इतिहास आहे, पाच मिलिमीटरचा पॉकेट सापडलाय, आणि तुम्ही जागताय ते भाचीच्या आकड्यापायी!

उत्तर आधी सांगून टाकते. टेस्ट परत करू नका. गोळीच्या मागे लागू नका. हिरड्यांच्या डॉक्टरकडे जाऊन सगळं तोंड मोजून घ्या आणि दात साफ करून घ्या, याच महिन्यात. आता रीत, कारण गणिताच्या बाईंना नुसतं उत्तर दिलं तर त्या निम्मे मार्क कापतात.

भाचीने नेमकं काय टिपून घेतलं ते पाहू. हिरडी दाताला घट्ट चिकटलेली दिसते, पण तिच्या कडेला दाताभोवती एक बारीक खोबण असते. निरोगी तोंडात ती एक ते तीन मिलिमीटर खोल. याहून खोल गेली की तिलाच पॉकेट म्हणतात. त्या खोबणीत सतत एक द्राव झिरपत असतो. तो इतका थोडा असतो की निरोगी जागी अर्ध्या मिनिटात मायक्रोलिटरचा काही अंशच मिळतो, त्याला थेंब म्हणणंही जास्त होईल. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. आमच्या खात्यात त्याला जीसीएफ म्हणतात. १९५८ साली ब्रिल आणि क्रासे या दोन संशोधकांनी कुत्र्यांच्या स्नायूत फ्लोरेसिन नावाचा चमकणारा रंग टोचला आणि दातांच्या कडेला गाळणकागदाच्या पट्ट्या ठेवल्या. तीन मिनिटांच्या आत रंग कागदावर उमटला. म्हणजे हा द्राव लाळेचा नाही, रक्तातून येतो, हे कळलं. भाचीच्या पट्टीचं मूळ तिथपर्यंत जातं.

हिरडी सुजली की हा द्राव वाढतो आणि त्यात बरंच काही वाहून येतं. दाताच्या कडेला जीवाणूंचा चिकट थर बसतो, त्याला प्लाक म्हणायचं. तो तसाच राहिला तर लाळेतल्या क्षारांनी कडक होतो, ते किटण. शरीराला हा शेजार खपत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात आणि येताना एमएमपी-८ नावाचं एन्झाइम घेऊन येतात. त्याचं काम कोलॅजन कातरणं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. जुन्या बाजेला सुंभ विणलेलं असतं ना, तसा तो हाडाच्या खाचेत हजारो तंतूंवर तोललेला असतो, आणि ते तंतू कोलॅजनचेच. इंटरल्यूकिन-१ बीटा हा पेशींनी एकमेकींना धाडलेला सांगावा आहे: इथे गडबड आहे, या. तो सांगावा फार वेळ फिरत राहिला की हाड खाणाऱ्या पेशींनाही जाग येते. भांडण सोडवायला आलेल्यांनीच घरातली भांडी फोडावीत, तसं हे प्रकरण आहे. जीवाणू सुरुवात करतात, पण मोडतोड बरीचशी आपल्याच पेशी करतात.

तेव्हा भाचीचं काम फालतू नाही. ती जे मार्कर, म्हणजे आजाराची चाहूल देणारे हे पदार्थ, मोजते ते खरंच हिरडीत असतात. प्रश्न एवढाच, की तुमच्या एका आकड्यावरून तुमच्याबद्दल काय म्हणता येतं?

पुण्याचीच गोष्ट घ्या. पावसाळ्यात आपण सगळे खडकवासल्याचे क्युसेक विचारत असतो. आज इतके सोडले, भिडे पूल पाण्याखाली गेला. तो आकडा आत्ता किती पाणी सुटलंय ते सांगतो. कुणाच्या घरात किती पाणी शिरलं, भिंत पडली की नुसती ओल आली, हे त्यातून कळत नाही. ते पाहायचं तर घरापाशी जावं लागतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. त्या पुराचं पाणी कुठवर चढलं हे जुन्या पेठांतली माणसं भिंतीवर हात ठेवून दाखवायची. हिरडीचा द्राव म्हणजे क्युसेकचा आकडा. भिंतीवरची खूण हवी असेल तर प्रोब, म्हणजे खोबणीची खोली मोजायची सळई, आणि एक्स-रे. तुमच्या भाचीने तुम्हाला क्युसेक सांगितले, आणि पाच मिलिमीटर ही खूण जाता जाता सांगितली. तुम्ही घाबरलात मात्र क्युसेकला.

आता आकड्याच्या खोड्या, तुम्हाला आवडतील म्हणून. सुजलेल्या जागी द्राव जास्त येतो. मग त्यातला पदार्थ 'दर मायक्रोलिटरला किती' असा मोजला तर पाणी वाढल्यामुळे तो पातळ होऊन कमी दिसू शकतो. 'अर्ध्या मिनिटात पट्टीवर एकूण किती' असा मोजला तर जास्त दिसतो. तोच माणूस, तोच दात, तीच पट्टी, आणि उत्तरं दोन. छेद बदलला की अपूर्णांक बदलतो, हे तुम्ही पाचवीतल्या मुलांना शिकवत असाल. म्हणून एका प्रबंधातला आकडा दुसऱ्या प्रबंधातल्या आकड्याशेजारी ठेवून 'माझा जास्त' असं म्हणता येत नाही. रक्तातल्या साखरेचं कसं, साऱ्या जगाने मिळून ठरवलेली रेघ आहे. इंटरल्यूकिनला तशी सगळ्यांनी मान्य केलेली रेघ नाही.

शिवाय पट्टीला लाळ लागली, रक्ताचा ठिपका लागला की नमुना वाया. पदव्युत्तर शिक्षण घेताना मीही हे केलंय. दिवसभर खपून गोळा केलेल्या पट्ट्यांतल्या निम्म्याअधिक संध्याकाळी गुलाबी दिसल्या म्हणून टाकून दिल्या होत्या. माझ्या मार्गदर्शक बाई नुसत्या बघत राहिल्या, काही बोलल्या नाहीत. ते बोलण्यापेक्षा वाईट. असो.

आणि जागा किती? अक्कलदाढा सोडल्या तर २८ दात, प्रत्येक दाताभोवती मोजायच्या सहा जागा, म्हणजे १६८. भाचीने पट्ट्या घातल्या त्या त्यातल्या दोन-चार जागी, आणि अशा अभ्यासात बहुतेक वेळा मुद्दाम सगळ्यात खोल जागा निवडतात. वर्गातल्या सगळ्यात दंगेखोर दोन मुलांवरून शाळेचा शेरा लिहिण्यासारखं झालं. तिच्या प्रबंधाला ते चालतं, कारण तिला तुमच्याबद्दल काही सांगायचं नाहीये. तिला आजारी हिरड्यांच्या एका गटाची सरासरी निरोगी गटाच्या सरासरीशी ताडून पाहायची आहे. दोन सरासरी वेगळ्या निघतात, पण दोन्ही गटांतले सुटे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. तुमचा आकडा त्या गर्दीतला एक. भाचीला रागावू नका. पण प्रबंधाचे आकडे जेवणाच्या ताटावर सांगायचे नसतात, एवढं मात्र मावशीच्या अधिकाराने सांगाच.

"मग इतकी वर्षं लोक हे मोजतात कशाला?" असं तुमच्या मनात आलं असेल. आम्हाला एक गोष्ट फार हवी आहे आणि ती अजून हाती लागलेली नाही. पाच मिलिमीटरच्या दोन पॉकेटांपैकी कुठला पुढच्या वर्षी सात होईल आणि कुठला दहा वर्षं पाचच राहील, हे प्रोब सांगत नाही. प्रोब झालेलं नुकसान मोजतो. होणारं सांगेल असं काहीतरी त्या द्रावात सापडेल, ही आशा आहे. तुमच्या लिव्हरच्या रिपोर्टात एसजीओटी असतं ना? पेशी मेली की ते बाहेर सांडतं. तेच एन्झाइम हिरडीच्या द्रावातही मिळतं, आणि त्यावर दवाखान्यात खुर्चीशेजारी करता येईल अशी चाचणीही एकदा निघाली होती. ती काही रुजली नाही. सध्या त्यातल्या त्यात पुढे आहे ती एमएमपी-८ ची चाचणी. फिनलंडमध्ये त्यावर बरंच काम झालंय. तोंडात पाणी खळखळून त्याची तपासणी करायची, पाचेक मिनिटांत पट्टीवर रेघ दिसते. मर्यादा मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम धरलेली आहे. पण तीही 'तोंडात कुठेतरी पेटलंय' इतकंच सांगते. कुठल्या दाताशी, ते नाही. तुमच्या पेरूच्या फोडीने तेच फुकटात सांगितलंय.

२०१७ मध्ये शिकागोला जगभरातले तज्ज्ञ जमले आणि त्यांनी हिरड्यांच्या आजारांचं वर्गीकरण नव्याने बांधलं. ते २०१८ ला छापून आलं. आजार किती झालाय त्याला स्टेज, पहिली ते चौथी. किती वेगाने सरकेल त्याला ग्रेड, ए, बी, सी. ग्रेड ठरवताना सिगारेट धरतात, मधुमेह धरतात. द्रावातल्या मार्करसाठी त्यांनी दार उघडं ठेवलंय, पण अजून पाट मांडलेला नाही. म्हणून म्हणते, लॅब शोधत फिरू नका.

त्याऐवजी काय करायचं? डॉक्टरला सांगायचं, 'पूर्ण पेरिओ चार्टिंग करा'. हे शब्द असेच वापरा. नुसतं 'हिरड्या बघा' म्हणालात तर आरशाने बघून 'थोडी सूज आहे' इतकं सांगून मोकळे करणारेही भेटतात. चार्टिंग म्हणजे खुणा केलेली बारीक सळई प्रत्येक दाताच्या सहा जागी हलकेच उतरवायची, खोली लिहायची, रक्त आलं का ते लिहायचं. कंटाळवाणं काम आहे. अर्धा तास जातो, डॉक्टर आकडे बोलतो आणि असिस्टंट लिहून घेते. त्या १६८ आकड्यांचा कागद भाचीच्या दोन मार्करपेक्षा लाखमोलाचा. सोबत एक्स-रे. कारण पाचचे अर्थ दोन असू शकतात. हिरडी सुजून वर चढली असेल तर खोबण खोल भासते, पण खालचं हाड शाबूत असतं. तो नुसता हिरडीदाह, साफ केल्यावर पूर्ण बरा होतो. हाड खाली गेलं असेल तर तो पेरिओडॉन्टायटिस, ज्याला आपल्याकडे सरसकट पायरिया म्हणतात. तो थोपवता येतो, पण गेलेलं हाड एरवी आपणहून भरून येत नाही. तुमचं यातलं कुठलं, हे मला पत्रावरून सांगता येणार नाही. तुमच्या वयाला, दाढांशी, आईचा इतिहास असताना, मी एक्स-रे पाहिल्याशिवाय 'नुसती सूज' म्हणणार नाही.

रक्ताबद्दल थोडं. रक्त येणाऱ्या प्रत्येक जागी आजार पुढे सरकतोच असं नाही. उलट बाजू मात्र भरवशाची आहे: तपासणीला पुन्हापुन्हा रक्त येत नसेल तर ती जागा बहुधा स्थिर असते. म्हणून उपचारानंतर आमचं लक्ष्य असतं ते पॉकेट चार मिलिमीटरपर्यंत यावा आणि रक्त थांबावं. आणि कृपा करून, रक्त येतं म्हणून ती जागा घासायची सोडू नका. बहुतेक जण तेच करतात, आणि बिघडत जातं.

यजमानांचं आता. 'त्यांना थेंबभर रक्त येत नाही' हे वाक्य तुम्ही कौतुकाने लिहिलंय. मला तेच पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाटलं. तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्यांचा प्रतिसाद दबतो. सूज, लाली, रक्त, सगळं कमी दिसतं, खोबणीतला तो द्रावही कमी येतो. आत हाड मात्र धूम्रपान न करणाऱ्यापेक्षा जास्त वेगाने जात असतं. घरात धूर भरलाय आणि अलार्मची वायर तोडून ठेवलीय. वर सांगितलेल्या वर्गीकरणात दिवसाला दहाच्या आत सिगारेटी म्हणजे ग्रेड बी, दहा किंवा जास्त म्हणजे सी. ए मध्ये बसायला शून्य लागतात. त्यांनाही घेऊन जा. सिगारेट सोडल्यावर काही आठवड्यांनी हिरडीतून रक्त यायला लागलं तर 'सोडल्याने बिघडलं' असं ते म्हणतील. ते शरीर ताळ्यावर येण्याचं लक्षण आहे, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. त्यांना बीपीसाठी अमलोडिपिन चालू असेल तर तेही डॉक्टरला सांगा, त्या गोळीने काहींच्या हिरड्या वाढतात.

सासूबाईंकडे वळते, आणि इथे जरा रेंगाळणार आहे. हेराल्ड लो नावाचे एक मोठे संशोधक होते. १९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑर्हूस इथे त्यांनी बारा धडधाकट माणसांना दात घासणं बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. घासायला लागल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. प्लाकनेच हिरडी सुजते, हे इतक्या स्वच्छपणे आधी कुणी दाखवलं नव्हतं. पुढे याच लो यांनी श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांतल्या ४८० मजुरांना १९७० पासून पंधरा वर्षं तपासलं. त्या मजुरांना दातांचे उपचार माहीत नव्हते, ब्रशही नाही. सगळ्यांच्या दातांवर किटण, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. तरी निकाल तीन तऱ्हांचे: सुमारे ८ टक्क्यांचा आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांचा हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही.

तुमच्या सासूबाई त्या अकरा टक्क्यांतल्या. चकली त्यांच्या नशिबात होती. तुमच्या आईच्या बाबतीत मिश्री होती, म्हणजे भाजलेली तंबाखू रोज थेट हिरडीला, त्यामुळे त्यांचे दात जाण्यात अनुवंश किती आणि तंबाखू किती हे आता वेगळं करता येणार नाही. मिश्री तुम्ही लावत नाही, हे तुमच्या बाजूचं मोठं दान. पण सासूबाईंचा अनुभव तुम्हाला लागू पडत नाही, एवढं नक्की, कारण तुमचं त्यांच्याशी नातं लग्नाचं आहे, रक्ताचं नाही. हे वाक्य त्यांच्यासमोर मोठ्याने वाचू नका.

राहिलं 'साफ केल्याने दात हलतात'. हे मी गेली कित्येक वर्षं रोज ऐकते, आणि त्यात डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी असतं म्हणूनच ते टिकलंय. हाड गेलेला दात आधीच हलत असतो. किटणाचा थर शेजारच्या दातांना सांधून त्याला जागच्या जागी धरून ठेवतो. ते काढलं की दात मोकळा होतो आणि हलणं जाणवतं. हिरडीची सूज उतरली की ती आकसते, दात लांब दिसतात, मधल्या फटी उघड्या पडतात, थंड पाणी झोंबतं. झोंबणं बहुधा काही दिवसांत ओसरतं. फटी राहतात. त्या किटणाने भरल्या होत्या, नव्याने पडलेल्या नाहीत. एक आजोबा माझ्याकडे दुसऱ्या दिवशी भांडायला आले होते, "काल जिभेला भिंत लागत होती, आज खिडकी लागतेय!" त्यांना मी ट्रेमध्ये ठेवलेले किटणाचे तुकडे दाखवले. त्यांनी ते कागदात बांधून घरी नेले, कुणाला दाखवायला ते विचारलं नाही.

तुम्हाला बहुधा वरवरची सफाई पुरणार नाही, हिरडीच्या खाली मुळापर्यंत साफ करावं लागेल. तोंड बधिर करून, दोन किंवा चार बैठकांत. मग आठ ते बारा आठवडे थांबायचं आणि तोच १६८ आकड्यांचा कागद पुन्हा भरायचा. पाच मिलिमीटरचे पॉकेट एवढ्याने बरेचदा आवरतात. पहिल्याच भेटीत कुणी 'सगळीकडे फ्लॅप सर्जरी', म्हणजे हिरडी उघडून करायची शस्त्रक्रिया, म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. सर्जरीचा विचार सफाईनंतरही सहा किंवा त्याहून खोल राहिलेल्या जागांसाठी. नंतर दर तीन-चार महिन्यांनी तपासणी. ही कायमची, चष्म्याच्या नंबरासारखी.

गोळीची चौकशी केलीत, ती अगदीच भाबडी नाही. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक अगदी कमी मात्रेत, २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिलं तर जीवाणू मरत नाहीत, पण एमएमपी-८ सारख्या एन्झाइमना लगाम बसतो. अमेरिकेत १९९८ मध्ये त्याला सफाईच्या जोडीला म्हणून मान्यता मिळाली. कल्पना सुंदर. मिळणारा फायदा मात्र लहान, आणि गोळी महिनोन्‌महिने घ्यावी लागते. २०२० च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी ती सहसा वापरू नये असंच सुचवलंय. किटण जागेवर ठेवून मार्कर दाबायचा म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसायची. मेडिकलमधून आपणहून तर अजिबातच आणू नका.

मोबाईलवर वाचलेल्या हार्ट अटॅकबद्दल: हिरड्यांचा आजार असणाऱ्यांत हृदयविकार जास्त आढळतो, हे खरं. हिरड्या बऱ्या केल्या म्हणून हार्ट अटॅक टळतो, हे सिद्ध झालेलं नाही. साखरेचं नातं जास्त पक्कं आणि दोन्हीकडून आहे. साखर वाढली की हिरडी बिघडते, हिरडी बिघडली की साखर आवरायला जड जाते. मधुमेह असलेल्यांत हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) सरासरी ०.४ च्या आसपास उतरलेलं दिसलंय. तुमचं ६.३ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आत नाही. तेव्हा तुमची साखर इतकी उतरेल असं मी म्हणत नाही, पण ६.३ चा कागद दातांच्या डॉक्टरला दाखवा. बरेच जण दाखवत नाहीत, त्यांना वाटतं दातांचा आणि साखरेचा काय संबंध.

घरी करायचं थोडंच आहे. मऊ ब्रश, केस हिरडीच्या कडेकडे तिरपे धरून, रेटून नाही. दाढांच्या मधल्या फटींत ब्रश पोचत नाही, तिथे इंटरडेंटल ब्रश, बाटली धुण्याच्या ब्रशचं पिल्लू दिसतं ते. माप डॉक्टरकडून ठरवून घ्या. रात्री झोपण्यापूर्वी हे चुकवू नका, सकाळचं एखादे वेळी चुकलं तरी चालेल. मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी बरं वाटतं, करा, पण किटण त्याने सुटत नाही. क्लोरहेक्सिडिनचं माऊथवॉश डॉक्टरांनी दिलं तर त्यांनी सांगितले तेवढेच दिवस, बहुधा दोन आठवडे. पुढे दात तपकिरी पडतात आणि चहाची चव जाते.

कुठे जायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचं पत्र त्यासाठी येईल. हिरड्यांत एमडीएस केलेल्या डॉक्टरला पेरिओडॉन्टिस्ट म्हणतात, पाटीवर तो शब्द बघा. खर्चाचा विचार असेल तर कॉलेजांमध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग असतो: धनकवडीला भारती विद्यापीठ, कॅम्पात रंगूनवाला, पिंपरीला डी. वाय. पाटील, वडगावला सिंहगड. विद्यार्थी काम करतात, शिक्षक तपासतात, वेळ खूप जातो, आणि चार्टिंग मात्र न चुकता होतं, कारण त्यांना त्याचे मार्क असतात. भाचीच्या कॉलेजात गेलात तरी उत्तम. फक्त तिला सांगा, या वेळी मी मावशी म्हणून आलेय, नमुना म्हणून नाही.

जाताना साखरेचा रिपोर्ट न्या, जुने दातांचे एक्स-रे असतील तर ते न्या, घेत असाल त्या गोळ्यांची यादी न्या. वेळ दोघांची मागा, लागोपाठची, आणि यजमानांना आधी आत पाठवा. तुम्ही आधी गेलात तर ते बाहेर सिगारेट ओढायला म्हणून जातील आणि परत यायचे नाहीत.